पहिल्या खेचराची टोपी

६ सप्टेंबर, मंगळवार

रक्तदाब १५८/९४. ही वही डॉक्टरांनी आकडे लिहायला दिली. आकडा लिहून झाल्यावर उरलेल्या पानाचं काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. तेव्हा लिहिते.

कॉल्डब्रुक कॉलेजचं पत्र आलं. बावीस ऑक्टोबरला, माजी विद्यार्थ्यांच्या मोठ्या सामन्याच्या दिवशी, मैदानाच्या फाटकावर पितळी पाटी लागणार आहे. वर 'कॉल्डब्रुकचं पहिलं खेचर' आणि खाली नाव. खेचर ही आमच्या कॉलेजच्या संघाची निशाणी. १९५० पर्यंत मैदानावर खरंच खेचर आणत, खाणीतून सुटी दिलेलं. त्याचं नाव डीकन. त्यानं पाहुण्या कॉलेजच्या प्राचार्यांना लाथ घातली आणि त्याच हिवाळ्यात ते मेलं. मग जाड लोकरी कापडाचं डोकं शिवलं आणि ते घालून नाचायला पहिल्या वर्षाचा एक मुलगा चिठ्ठी टाकून निवडला. नाव गुपित. चौथ्या वर्षी शेवटच्या सामन्यात डोकं काढून तोंड दाखवायचं, अशी रीत पडली. फक्त पहिल्या खेचरानं तोंड दाखवलं नाही. ते १९५५ साली डोक्यासकट फाटकातून बाहेर पळालं ते पळालंच. दुसऱ्या सकाळी डोकं तेवढं फाटकाशी ठेवलेलं सापडलं.

ते माझे बाबा होते, एमिल सेडलाक. निवड झाल्याचं पत्र मला त्यांच्या खणात सापडलं, ते गेल्यावर.

पण दंतवैद्य क्लिफर्ड ऑल्डरफर म्हणतो, ते खेचर त्याचे आजोबा. पाटीच्या समितीचे अध्यक्ष प्रिचर्ड यांना तो म्हणाला, "सेडलाकनं पहिल्याच दिवशी डोकं घातलं, किंचाळला आणि काढून फेकलं. मग आमच्या आजोबांनी घातलं."

या गावात माझ्या बाबांना कुणी एमिल म्हणत नसे. 'जिन्यावाला' म्हणत. अकरा वर्षांचे असताना माझ्या आजोबांचा डबा द्यायला खाणीत उतरले आणि दरड कोसळून दीड दिवस अंधारात अडकले. आजोबा आतच राहिले. त्यानंतर बाबा कधी खाणीत उतरले नाहीत, तळघरात नाही, लिफ्टमध्येही नाही. कुठेही गेले तरी जिन्यानंच. खाणीच्या गावात खाणीत न उतरणारा म्हणजे भित्रा. मी सात वर्षांची असताना दुकानात एकानं माझ्यासमोर त्यांना तसं म्हटलं आणि बाबा हसले. ते हसणं मी अजून विसरलेले नाही.

म्हणून पाटीवर त्यांचं नाव लागलंच पाहिजे. जो माणूस अंधाराला इतका घाबरायचा, त्यानं दर शनिवारी त्या बंद डोक्यात स्वतःचं डोकं घातलं. याला भित्रेपण म्हणतात का? मी अर्जात हेच लिहिणार आहे.

११ सप्टेंबर, रविवार

आईकडे वृद्धाश्रमात गेले. अक्रोडाचा रोल नेला होता. तिनं एक तुकडा खाल्ला आणि उरलेला शेजारणीला दिला. पंच्याऐंशीव्या वर्षीही तिला वाढायला कुणीतरी लागतंच.

मी म्हटलं, "आई, बाबांनी ते डोकं घालून काय काय केलं, ते आठवेल तेवढं सांग. मी लिहून घेते."

ती खिडकीतून खाली मैदानाकडे बघत होती. तिच्या खोलीतून अर्धं मैदान दिसतं. म्हणाली, "आत सरसाचा वास यायचा. ऊन पडलं की जास्तच. डोळे नुसते रंगवलेले होते, त्यातून काय दिसणार? जबड्यातून बघावं लागे, त्यामुळे समोरच्याचे पायच दिसायचे."

"हे बाबांनी सांगितलं तुला?"

"डोकं आमच्याच कारखान्यात शिवलं, पोरी. मीच शिवलं."

हे मला माहीतच आहे. आई टोप्यांच्या कारखान्यात होती. या कॉलेजच्या हिरव्या, आठ कळ्यांच्या, वर बटन असलेल्या टोप्या तिच्याच हाताखालून गेल्या. पण मला बाबांचं हवं होतं. ती पुन्हा सरसाबद्दलच बोलायला लागली, तेव्हा मी वही मिटली. वय झालंय. सांगण्यात काही धागा राहिलेला नाही.

निघताना म्हणाली, "अर्लीन, मला एकदा खाली मैदानावर नेशील? त्या कडेच्या दोराच्या आत?"

म्हटलं, "आधी पुरावा मिळू दे, मग नेते."

१७ सप्टेंबर, शनिवार

ऑर्विल टाइसकडे गेले होते. चाळीस वर्षं न्हावी होता, आता ब्याऐंशीचा आहे. त्याच्या गॅरेजमध्ये गाडी नाही, जुन्या कॉलेजांच्या टोप्याच टोप्या आहेत. खिळ्यांवर, दोऱ्यांवर, एक तर पाण्याच्या नळावर.

"हात लावू नकोस," म्हणाला. "हात लावायचा तर धुऊन ये. आणि पोस्टात तिकिटं चिकटवल्यासारखी थुंकी लावू नकोस."

तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत काढली मी. ही थट्टा मला नवीन नाही.

त्यानं एक डबा काढला. आत खेचराची टोपी होती. मला रडूच आलं. लोकरी डोकं खरखरीत, म्हणून आतून डोक्याला टोपी घालत. पहिल्या वर्षाची साधी हिरवी टोपी. ती एका खेचरानं दुसऱ्याला द्यायची आणि देताना आतल्या चामडी पट्टीखाली आपलं नाव लिहायचं, अशी रीत. १९७० साली डोकं बदललं आणि टोपी ऑर्विलकडे आली.

"आतली नावं बघितलीस?"

"पट्टी शिवलेली आहे. उसवून नावं बघणारा तो गोळा करणारा नव्हे, चोर." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू घेऊन जा. तुझ्या आईनं शिवलंय, तूच उसव. जपून हं, बाई."

तो कॉलेजात होता त्या काळचं बरंच ऐकवलं त्यानं. वरच्या वर्गातला कुणी रस्त्यात दिसला आणि 'बटन!' म्हणून ओरडला की नव्या पोरानं जागच्या जागी थांबून टोपीच्या बटनावर बोट ठेवायचं, आणि तो 'पुरे' म्हणेपर्यंत काढायचं नाही. ऑर्विलला एकानं पावसात पाऊण तास उभं केलं होतं. मग सामन्यात सगळं मैदान खेचराला 'बटन!' म्हणून ओरडायला लागलं आणि खेचर दोन कानांच्या मध्ये बोट ठेवायचं. ओरडायची ती रीत अजून आहे.

"पहिलं खेचर कोलांट्या काय मारायचं!" ऑर्विल म्हणाला. "पीस उडावं तसं."

बाबा! दुकानाची पेटी उचलतानाही कंबर धरायचे. तरुणपणी काय असतील!

१८ सप्टेंबर, रविवार

पट्टी उसवली. त्याआधी धीर यावा म्हणून दोनदा चहा केला.

नावं आहेत. लूमिस, १९५५. फेरिस, १९५९. आणखी दोन. लूमिसच्या आधीची जागा कोरी आहे.

तिथे फक्त १९५१ च्या वर्तमानपत्राच्या घड्या सापडल्या, पट्टीच्या मागे गोल बसवलेल्या. टोपी घट्ट बसावी म्हणून असणार. आणि केसांची एक पिन. कारखान्यात शिवताना एखादीच्या डोक्यातली पडली असेल.

टोपी सात नंबरची आहे. बाबांचं डोकं मोठं होतं, पण लोकर आकसते.

नाव का लिहिलं नसेल? जसं तोंड दाखवलं नाही, तसंच. मानी माणूस. पण मानी माणसांच्या मुलींनी काय करायचं?

२६ सप्टेंबर, सोमवार

रक्तदाब १७०/१००. प्रिचर्ड सज्जन आहेत, त्यांचा राग येत नाही, हीच अडचण. म्हणाले, "मिस सेडलाक, तुमच्याकडे निवडीचं पत्र आहे, ऑल्डरफरांकडे त्यांच्या आजीचं सही केलेलं निवेदन आहे. टोपीत नाव असतं तर प्रश्नच नव्हता. दहा तारखेपर्यंत वाट बघतो."

टोपी उसवल्याचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

बेकरीत ऑल्डरफर भेटला. हातात पावाची पिशवी, तोंडभर ते चकचकीत दात. "अर्लीन, मनाला लावून घेऊ नका. भीती ही काही लाजायची गोष्ट नाही."

मी म्हटलं, "तुमच्या खुर्चीत बसणाऱ्यांना सांगा हे." सगळे हसले. घरी येऊन मात्र ओट्याला धरून रडले.

१ ऑक्टोबर, शनिवार

हे लिहायचं की नाही, याचा सकाळपासून विचार करते आहे. लिहिते. ही वही डॉक्टरही उघडत नाहीत.

बाबांचं शाईचं पेन काढलं. त्यांच्या जुन्या पत्रांवरून 'ई. सेडलाक' असं पन्नास वेळा गिरवलं. मग टोपीतल्या कोऱ्या जागेवर लिहिलं: ई. सेडलाक, १९५१. चहाच्या पाण्यात बोट बुडवून वरून फिरवलं. कागदाच्या घड्या परत बसवल्या नाहीत, नाव झाकलं जात होतं. घड्या आणि पिन या वहीत ठेवल्या आहेत. पट्टी शिवली. टाका आईसारखा आला नाही.

मी खोटं काही लिहिलेलं नाही. जे त्यांनी लिहायचं होतं, ते मी लिहिलं.

तरी संध्याकाळपर्यंत साबणानं हात धूत होते.

५ ऑक्टोबर, बुधवार

समितीनं मानलं! प्रिचर्डनी माझ्यासमोर पट्टी उसवली, भिंगातून बघितलं आणि माझा हात हातात घेतला. पाटीवर एमिल सेडलाक. ऑल्डरफरनं बघितलं आणि निघून गेला. टोपी उलटी करून, आतलं नाव दिसेल अशी, कॉलेजच्या दारातल्या काचेच्या कपाटात ठेवली आहे. पडदा मी ओढायचा.

बाबा, आता हसा. तेव्हासारखं नाही, खरं हसा.

९ ऑक्टोबर, रविवार

आईला सांगितलं. वाटलं होतं रडेल, मिठी मारेल. ती खिडकीतून खाली मैदानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्याला बरं वाटलं असतं."

"तुला नाही का वाटत?"

"वाटतं ना." मग विचारलं, "ती टोपी मला बघायला मिळेल का?"

"काचेत कुलपाखाली आहे, आई."

"एकदा डोक्यावर घालून बघितली असती."

म्हटलं, काहीतरीच काय! ती जुनी वस्तू आहे, घालायची नसते. तिनं मान हलवली आणि हातावरचा डाग चोळत बसली. मला राग आला. बाबांचा एवढा मोठा दिवस, आणि हिचं चित्त टोपीत.

मला आठवतं, मी सहा-सात वर्षांची असताना चर्चच्या सहलीत आईनं गवतावर एकामागून एक चार कोलांट्या मारल्या होत्या. बायका हसत होत्या. बाबा पांढरेफटक पडले आणि तिला दंडाला धरून गाडीकडे घेऊन गेले. "लोक बघतायत, व्हेरोना. लोक ओळखतील." तेव्हा मला वाटलं, तिचे परकर दिसले म्हणून.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

आईला झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. डोळे उघडे आहेत, पण ती मला बघते की भिंतीला, ते कळत नाही. डॉक्टर म्हणाले, इथेच तिच्या खोलीत राहू द्या, आठवडा, कदाचित दोन.

रविवारी नेलेला रोल तिच्या कपाटात अर्धा तसाच होता.

१६ ऑक्टोबर, रविवार

ऑर्विल आला. हातात आईसाठी फुलं होती. ती माझ्याच टेबलावर ठेवली आणि बसला.

"कपाटातली टोपी बघून आलो," म्हणाला. "चामडं पासष्ट वर्षं शाई पितं, अर्लीन. ती शाई वर बसलीय. परवाची आहे."

मी फुलं पाण्यात ठेवायला उठले.

"प्रिचर्डला मी काही सांगणार नाही. मला फक्त एक सांग. पट्टीच्या मागे घड्या होत्या ना? डबा हलवला की कागद वाजायचा."

मी वही उघडून घड्या दिल्या. पिनही दिली. त्यानं खिशातून मापाची फीत काढली. अजून खिशात बाळगतो. घड्या गोल करून मोजल्या.

"टोपी सात. घड्या घातल्या की पावणेसात. तुझ्या बापाचे केस मी तीस वर्षं कापले. पावणेआठ. गावातलं सगळ्यात मोठं डोकं. ही टोपी त्याच्या कानांपर्यंतही आली नसती. आणि लोकर आकसते असं मला सांगू नकोस, चामडी पट्टी आकसत नाही."

"मग ऑल्डरफरचा आजा?"

"तो? साडेसात." त्यानं पिन टेबलावर ठेवली. "हिचं काय?"

"कारखान्यात पडली असेल."

"घडीच्या आत? घडी घालणाराच्या डोक्यातून पडली, बाई. पोरं पिना लावत नव्हती तेव्हा. कॉलेजात एकही मुलगी नव्हती. दोराच्या आत बायकांना पाऊलही टाकू देत नसत."

दोराच्या आत. मी हे कुठे ऐकलं होतं?

मी त्याला घराबाहेर काढलं. अक्षरशः ढकललं, ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला. मग ही वही पहिल्या पानापासून वाचली. सरस. जबडा. कोलांट्या. लोक ओळखतील. सगळं मीच लिहिलंय. माझ्याच अक्षरात.

१७ ऑक्टोबर, सोमवार

दिवसभर आईजवळ बसले. "आई, तू होतीस का?" दहादा विचारलं. ती छताकडे बघते.

सव्वा महिना ती बोलत होती आणि मी विचारत होते, बाबांनी काय केलं. एकदाही विचारलं नाही, की तू काय केलंस.

चार वर्षं नाचली आणि तोंड दाखवलं नाही, कारण दाखवलं असतं तर तिला गावानं काय म्हटलं असतं ते जाऊ दे, बाबांना काय म्हटलं असतं! ते डोक्यात डोकं घालू शकले नाहीत. ऑल्डरफरची आजी तेवढं खरंच सांगत होती. बाबा, तुमचा राग येत नाही. येतोही. खूप येतो. पन्नास वर्षं तुम्ही तिच्यासमोर जेवायला बसलात आणि गप्प राहिलात.

१९ ऑक्टोबर, बुधवार

प्रिचर्डना सांगितलं. ते आधी हसले, मग माझा चेहरा बघून थांबले.

"तुमची आई? मिस सेडलाक, पण टोपीत तर तुमच्या वडिलांचं नाव आहे."

"ते मी लिहिलंय."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग ते म्हणाले, "तुम्ही काल एक लिहिलंत, आज दुसरं सांगताय. उद्या तिसरं सांगाल. मी समितीला काय सांगू?"

मी घड्या दाखवल्या, पिन दाखवली. ते हळू आवाजात म्हणाले, "हे तुमच्या वहीतून निघालं. टोपीतून नाही."

बरोबर आहे. पुरावा होता. माझ्या आईनं स्वतःच्या हातानं घडी घालून ठेवलेला, पासष्ट वर्षं टिकलेला. तो मी उसवला आणि त्या जागी खोटं लिहिलं. आता मी खरं बोलले तरी कुणी कशाला ऐकेल?

मी निघताना त्यांनी एक वाट मोकळी ठेवली. ते चांगले आहेत म्हणून. "हे आपण दोघंच जाणतो. पाटी तयार आहे. एमिल सेडलाक. शेवटी नाव तुमच्याच घरातलं. शुक्रवारी सांगा."

२० ऑक्टोबर, गुरुवार

रक्तदाब १८२/१०४.

नाव आमच्याच घरातलं. आईही सेडलाकच. पाटी लागू दिली तर बाबा कायमचे शूर, गावाचं तोंड बंद, माझ्या खोट्यालाही कुणी विचारणार नाही. मागे घेतली तर ऑल्डरफर, आणि बाबा पुन्हा जिन्यावाले, आणि मी लबाड.

आईनंच हे चालू दिलं होतं, मी मोडणारी कोण? की ती टोपी मागत होती तेव्हा हेच सांगत होती? तिला विचारायला हवं होतं. तिला विचारायला हवं होतं.

आईच्या खिडकीतून खालचं फाटक दिसतं. पाटीवर कापड टाकून ठेवलंय. तिची खाट खिडकीशीच आहे. उरलेले दिवस तिनं पडल्या पडल्या ते नाव बघायचं?

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

मागे घेतलं. लेखी दिलं, नाव मी लिहिलं म्हणून. प्रिचर्डनी कागद घडी करून ठेवला आणि वर बघितलंच नाही. ऑल्डरफरची पाटी उद्यापर्यंत होणार नाही, तर तात्पुरती लाकडी लावणार.

टोपी त्यांनी मला परत दिली. "आता हिची आम्हाला गरज नाही," असं तिथली मुलगी म्हणाली.

ऑर्विलकडे गेले. म्हटलं, ढकललं त्याबद्दल माफ कर. तो म्हणाला, "गिऱ्हाइकं यापेक्षा जास्त ढकलायची." टोपी ठेवून घे म्हणाला.

२२ ऑक्टोबर, शनिवार

रक्तदाब घेतला नाही.

सकाळी घड्या परत पट्टीमागे बसवल्या, होत्या तशाच गोल. बाबांचं नाव त्यांच्याखाली झाकलं गेलं. खोडायचं मनात होतं, पण राहू दिलं. तिनं त्यांना आयुष्यभर असंच झाकलं. पिनही ठेवली जागेवर. मग आईचे केस विंचरले आणि टोपी तिच्या डोक्यावर घातली.

बसली. मापानं घेतल्यासारखी.

तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मी खिडकी उघडली, खालचा बँड ऐकू यावा म्हणून. दुपारी दीडला भोंग्यावरून ऑल्डरफरच्या आजोबांचं नाव आलं. टाळ्या झाल्या. मी तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, "आई, त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे." ऐकलं की नाही, कळलं नाही.

मग नवं खेचर मैदानात आलं असावं, कारण हजारो लोक एकदम ओरडले, "बटन!"

आईचा डावा हात पांघरुणातून बाहेर आला. हळूहळू वर गेला, गालाला अडखळला, कपाळावर थांबला, पुन्हा वर गेला, आणि तिनं टोपीच्या बटनावर बोट ठेवलं.



खाली शिट्टी झाली, सामना सुरू झाला. लोकांना आता नुसतं ओरडणं माहीत आहे, पुढचं कुणाला आठवत नाही. आईचा हात तिथेच. थरथरायला लागला तरी तिथेच. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. मी हात धरून खाली घेऊ बघितला तर तिनं घेऊ दिला नाही. आणि मला ऑर्विलचं पावसातलं उभं राहणं आठवलं.

मी तिच्यासमोर उभी राहिले, वरच्या वर्गातल्या पोरासारखी ताठ, आणि म्हटलं, "पुरे, आई."

तेव्हा तिनं हात खाली घेतला.